मुरुमाचे मलम, चिकलठाणा आणि दाहाचे कोडे

१/
जानेवारी २०२० मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी दोन नव्या प्रतिजैविकांना मान्यता दिली. एक शिरेतून देण्याचे, दुसरे तोंडाने घेण्याचे. दोन्हींचा जन्म मराठवाड्यातला, तेव्हाच्या औरंगाबादेतील आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरातील चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतला. भारतीय संशोधनातून निघालेला नवा रेणू रुग्णापर्यंत पोहोचण्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, त्यांपैकी हा एक. आणि या औषधांचा पूर्वज होता मुरुमांवर लावायचा एक साधा मलम. ही कथा त्या मलमाची, आणि मुरुमाच्या मुळाशी असलेल्या दाहाची.

२/
मुरुम ही आधुनिक काळाची व्याधी नव्हे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या प्रकरणात तरुणांच्या मुखावर उठणाऱ्या पीटिकांचे वर्णन आहे. त्यांना उपमा दिली आहे ती शाल्मलीच्या, म्हणजे काटेसावरीच्या खोडावरील काट्यांची. सावरीचे खोड ज्याने पाहिले आहे त्याला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. कारण सांगितले आहे कफ, वात आणि रक्त यांच्या बिघाडाचे. उपाय सांगितला आहे वमनाचा आणि वेखंड, लोध्र, सैंधव, मोहरी यांच्या लेपाचा. ‘तारुण्यपीटिका’ हा मराठीतील शब्द त्याच परंपरेतून आला आहे.

३/
तिकडे रोममध्ये इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस याने दाहाची चार लक्षणे नोंदवली: लाली, सूज, उष्णता आणि ठणका. आरशासमोर उभा राहिलेला पंधरा वर्षांचा कोणताही मुलगा ही चारही लक्षणे आपल्या गालावर मोजू शकतो. तरीही मुरुम म्हणजे मूलतः दाह, हे वैद्यकाला पटायला जवळजवळ दोन हजार वर्षे लागली. मध्ये एक दुसराच संशयित पकडला गेला होता.

४/
तो संशयित म्हणजे जिवाणू. १८९६ मध्ये हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल गेर्सन उन्ना यांना मुरुमातील द्रव्यात सूक्ष्मदर्शकाखाली दंडाकृती जिवाणू दिसले. पाश्चर आणि कॉख यांचा तो काळ. प्रत्येक रोगामागे एक जंतू शोधण्याचा ध्यास सर्वत्र होता. पुढे या जिवाणूला ‘प्रोपिओनिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस’ हे नाव मिळाले, २०१६ मध्ये ते बदलून ‘क्युटिबॅक्टेरियम’ झाले. अडचण एकच होती. हा जिवाणू नितळ चेहऱ्याच्या माणसांच्या त्वचेवरही सुखेनैव नांदत असतो.

५/
१९५० च्या दशकात टेट्रासायक्लिन मुरुमांवर दिले जाऊ लागले आणि त्याचा गुणही आला. जंतू मेला, मुरुम गेला, असा सरळ हिशेब मांडला गेला. पण हिशेबात एक गोम होती. टेट्रासायक्लिन गटातील औषधे पांढऱ्या रक्तपेशींना दाहाच्या जागी धावून जाण्यापासूनही रोखतात, असे पुढे दिसून आले. मग गुण नेमका कशामुळे आला? जंतू मेल्यामुळे, की सैन्य थोपवल्यामुळे?

६/
या प्रश्नाला एक अनपेक्षित उत्तर मिळाले. डॉक्सिसायक्लिनची मात्रा इतकी कमी करण्यात आली की तिने जंतू मरूच नयेत. २००६ मध्ये अमेरिकेत ४० मिलिग्रॅमची अशी एक कॅप्सूल रोझेशिया या चेहऱ्याच्या दाहविकारासाठी मंजूर झाली. प्रतिजैविक म्हणून ती मात्रा निकामी, दाहशामक म्हणून मात्र उपयोगी. एकाच रेणूच्या अंगी दोन वेगळे गुण असू शकतात, हे आता कागदावर सिद्ध झाले.

७/
याहून विलक्षण कथा डॅप्सोनची. १९०८ मध्ये जर्मनीत हा रेणू प्रथम तयार झाला आणि कित्येक वर्षे नुसता पडून राहिला. १९४० च्या दशकात त्याच्या गटातील औषधांनी कुष्ठरोगाच्या उपचाराचे चित्र पालटले. मद्रासजवळच्या चेंगलपट्टू येथे रॉबर्ट कॉकरेन यांनी त्याचे प्रयोग केले. वरोऱ्याचे आनंदवन, वर्ध्याजवळचे दत्तपूर, अमरावतीचे तपोवन या मराठी मुलखातील कुष्ठसेवेच्या तीर्थांनी ज्या युगात काम उभारले, ते युगच या औषधगटाचे होते.

८/
डॅप्सोन हे जंतुनाशक तर खरेच. पण कुष्ठरोगाशी काडीचा संबंध नसलेल्या काही दाहजन्य त्वचारोगांतही ते गुण देते, असे डॉक्टरांना आढळले. पांढऱ्या रक्तपेशींतील मायलोपेरॉक्सिडेज नावाच्या विकराला ते आवर घालते. हे विकर म्हणजे पेशीच्या भात्यातील दाहक अस्त्र. २००५ मध्ये अमेरिकेने डॅप्सोनची ५ टक्क्यांची जेल मुरुमांसाठी मंजूर केली. कुष्ठरोग्यांची गोळी जवळजवळ साठ वर्षांनी किशोरांच्या चेहऱ्यावर पोहोचली. मायलोपेरॉक्सिडेज हे नाव ध्यानात ठेवावे. ते चिकलठाण्यात पुन्हा भेटणार आहे.

९/
दरम्यान २००३ मध्ये इंग्लंडमधील लीड्सच्या संशोधकांनी एक मूलभूत गोष्ट दाखवली. मुरुम उठण्यापूर्वी, त्वचेचे रंध्र तुंबण्याच्याही आधी, त्या जागी दाहाच्या पेशी आणि दाहाचे संकेत हजर असतात. म्हणजे दाह हा मुरुमाचा शेवट नसून बहुधा आरंभ आहे. जिवाणू निर्दोष सुटला असे नव्हे. तो दाह भडकवतो. पण केवळ जंतू मारत बसण्यापेक्षा दाह शमवणारी संयुगे शोधावीत, या विचाराला आता भक्कम आधार मिळाला.

१०/
इथे एक साधा प्रश्न येतो. दाहशामकच हवे, तर स्टेरॉइड का नको? १९४८ मध्ये फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोनचा प्रभाव दाखवला, १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिसोनचे मलम त्वचारोगात वापरले गेले. सूज आणि लाली उतरवण्यात स्टेरॉइडचा हात धरणारे दुसरे काही नाही. पण चेहऱ्यावर ते आठवडेच्या आठवडे लावले की त्वचा पातळ होते, लाल होते, केस उगवतात आणि नवे मुरुम उठतात. दाह शमवणारे औषधच इथे मुरुमांचे कारण बनते.

११/
भारतात ही केवळ पुस्तकी गोष्ट राहिली नाही. गोरेपणाच्या हव्यासापोटी स्टेरॉइडयुक्त मलमे चिठ्ठीविना विकत घेऊन महिनोन्‌महिने फासली गेली. त्वचारोगतज्ज्ञांना या बिघडलेल्या चेहऱ्यांसाठी स्वतंत्र नाव ठेवावे लागले. अखेर २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमांची सवलत काढून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या बंधनाखाली आणली. नव्या दाहशामक संयुगांचा शोध हा केवळ प्रयोगशाळेचा छंद का नाही, हे यावरून कळते.

१२/
पण एखादे संयुग दाहशामक आहे हे ओळखायचे कसे? याची एक प्रसिद्ध रीत १९६२ मध्ये विंटर, रिझ्ली आणि नस या तिघांनी प्रसिद्ध केली. समुद्रशेवाळापासून मिळणारे कॅराजीनन उंदराहून मोठ्या अशा पांढऱ्या घुशीच्या पंज्यात टोचायचे. काही तासांत पंजा सुजतो. औषध देऊन आणि न देता ही सूज मोजायची, आणि फरक काढायचा. भारतातील औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही रीत आजही शिकवली जाते.

१३/
मात्र घुशीचा पंजा म्हणजे माणसाचा गाल नव्हे. प्राण्यांना माणसासारखे मुरुम येत नाहीत. म्हणून सशाच्या कानाच्या आतील बाजूचा उपयोग झाला, कारण तिथली रंध्रे काही द्रव्यांनी तुंबतात. उंदराच्या कानात मुरुमाचा जिवाणू टोचून सूज मोजण्याची रीतही आली. प्रत्येक रीत रोगाचा एकेक तुकडा दाखवते, पूर्ण रोग कोणतीच दाखवत नाही. शेवटी माणसाच्या त्वचेवरच यावे लागते. आणि इथे या इतिहासाचे सर्वांत काळे पान उघडते.

१४/
अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे होम्सबर्ग कारागृह. १९५१ पासून १९७४ पर्यंत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी तेथील कैद्यांवर असंख्य प्रयोग केले. मोबदला थोडा, माहिती त्याहून थोडी. कैद्यांत कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती. मुरुमांवरील ट्रेटिनॉइन या आजही वापरात असलेल्या औषधाच्या मागे त्याच संशोधकाचे नाव आहे. १९७१ मध्ये ते बाजारात आले. औषध खरेच गुणकारी ठरले, म्हणून त्यामागची रीत धुऊन निघत नाही.

१५/
या आणि अशा प्रकरणांतून १९७० च्या दशकात मानवी प्रयोगांच्या नीतीचे नियम घडले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० मध्ये आपले पहिले धोरण मांडले आणि २००० मध्ये सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे दिली. २००७ मध्ये वैद्यकीय चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. समजून-उमजून दिलेली संमती, नैतिकता समितीची परवानगी, जाहीर नोंद, या तीन खिळ्यांवर आजची चाचणी उभी असते. चिकलठाण्याचा रेणू याच युगातून पार पडला.

१६/
आता त्या रेणूची वंशावळ. १९६२ मध्ये मलेरियाच्या क्लोरोक्विनशी निगडित संशोधनातून जॉर्ज लेशर यांच्या हाती नॅलिडिक्सिक आम्ल लागले. क्विनोलोन घराण्याचा तो मूळ पुरुष. पुढे त्याला फ्लोरिनची जोड मिळाली आणि नॉरफ्लॉक्सॅसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन अशी परिचित नावे अवतरली. याच घराण्यात जपानच्या ओत्सुका कंपनीने नॅडिफ्लॉक्सॅसिन घडवले. १९९३ मध्ये जपानमध्ये ते मुरुमांवर लावण्याचे औषध म्हणून मंजूर झाले. भारतात त्याचे १ टक्का मलम वोक्हार्ट कंपनीने आणले.

१७/
जपानी संशोधकांना या मलमातही तोच दुहेरी स्वभाव दिसला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार नॅडिफ्लॉक्सॅसिन माणसाच्या रक्तातील आणि त्वचेतील पेशींकडून होणारी दाहसंकेतांची निर्मिती कमी करते. म्हणजे हे मलम जंतूही मारते आणि त्याने लावलेली आग विझवायलाही हातभार लावते. पण ते रक्तात पोहोचवण्याजोगे नव्हते. पाण्यात न विरघळणारा हा रेणू त्वचेच्या पृष्ठभागापुरताच राहिला होता.

१८/
भारतीय कंपन्या तोवर नवे रेणू फारसे का शोधत नव्हत्या? याचे उत्तर कायद्यात आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावर नव्हे, तर ते बनवण्याच्या कृतीवरच हक्क मान्य केला. कृती बदला, तेच औषध स्वस्तात बनवा, या सूत्रावर भारतीय औषधउद्योग वाढला आणि गरिबांच्या आवाक्यात गोळ्या आल्या. १ जानेवारी २००५ पासून मात्र उत्पादनाचे पेटंट लागू झाले. हा दिवस येणार हे जागतिक व्यापार संघटनेच्या करारापासून ठाऊक होते. ज्यांना पुढे टिकायचे होते, त्यांना स्वतःचे रेणू हवे होते.

१९/
वोक्हार्टने आपले संशोधन केंद्र चिकलठाण्यात उभे केले. तेथील कामात एक नाव ठळक दिसते, नोएल डिसूझा. मुंबईतील हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात कोलियस या वनस्पतीतून फोर्स्कोलिन वेगळे करणाऱ्या चमूतील ते एक. जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत जगभर वापरले जाणारे ते द्रव्य. तोच अनुभव आता मराठवाड्यात कामी येणार होता.

२०/
युक्ती रेणूच्या आकारात होती. १८४८ मध्ये तरुण पाश्चरने टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक चिमट्याने वेचून दोन ढिगांत वाटले आणि दाखवले की काही रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे असतात: घडण एकच, पण एकमेकांवर बसत नाहीत. नॅडिफ्लॉक्सॅसिन हे अशा दोन रूपांचे समसमान मिश्रण. जंतूंवर मुख्यतः परिणाम करणारे रूप त्यांपैकी एक. ते वेगळे काढले, त्याला आर्जिनिन या अमिनो आम्लाची जोड दिली, आणि न विरघळणारे औषध विरघळू लागले. तोंडाने घेण्यासाठी अ‍ॅलॅनिनची जोड असलेले दुसरे रूप बनले.

२१/
निकड मोठी होती. मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस रुग्णालयांत ठाण मांडून बसला होता. २००२ मध्ये अमेरिकेतील मिशिगनमध्ये व्हॅन्कोमायसिन या राखीव औषधालाही पूर्णपणे दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस सापडला. २००५ मध्ये डिसूझा आणि सहकाऱ्यांनी ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त आपला रेणू मांडला, तो अशाच जंतूंवर चालणारा म्हणून. प्रयोगशाळेतील त्याचे नाव होते डब्ल्यूसीके ७७१.

२२/
तेथून मान्यतेपर्यंत पंधरा वर्षे गेली, आणि ती सरळ रेषेत गेली नाहीत. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कंपनीच्या वाळूज आणि चिकलठाणा येथील कारखान्यांच्या मालावर आयातबंदी घातली; आक्षेप उत्पादनाच्या गुणवत्ता-नियमांच्या पालनावर होता. पुढच्याच वर्षी त्याच प्रशासनाने त्याच कंपनीच्या या दोन रेणूंना गंभीर संसर्गावरील नव्या औषधांसाठीचा विशेष दर्जा दिला. एकाच शहरातील कारखान्याला नापसंती आणि प्रयोगशाळेला पसंती, असा हा विरोधाभास इतिहासाने तसाच नोंदवला पाहिजे.

२३/
त्वचेच्या तीव्र जिवाणूसंसर्गाच्या ५०० रुग्णांवर भारतात तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली. तुलना लिनेझोलिड या प्रस्थापित औषधाशी होती आणि नवे औषध त्याच्या तोडीस उतरले. मधुमेहींच्या पायांच्या संसर्गाचाही समावेश करून जानेवारी २०२० मध्ये मान्यता मिळाली. शिरेतून द्यायचे ते लेव्होनॅडिफ्लॉक्सॅसिन, तोंडाने घ्यायचे ते अ‍ॅलालेव्होनॅडिफ्लॉक्सॅसिन. एक टक्क्याच्या मलमातील रेणू आता ८०० मिलिग्रॅमच्या मात्रेने रक्तात उतरला.

२४/
त्याच वर्षी चिकलठाण्याच्या संशोधकांनी जुन्या कोड्याला पुन्हा हात घातला. या रेणूने पूर्वजाचा दाहशामक गुणही घेतला आहे का? माणसाचे रक्त नळीत घेऊन त्यात जिवाणूच्या कवचातील एक विषारी घटक मिसळला. त्यामुळे पांढऱ्या पेशी खवळून दाहसंकेत सोडतात. रुग्णाच्या रक्तात आढळेल एवढ्याच मात्रेत औषध घातल्यावर हा प्रतिसाद लक्षणीय उतरला. उंदरांच्या फुप्फुसात कृत्रिम दाह निर्माण करून पाहिले, तेव्हा तेथील पांढऱ्या पेशी, दाहसंकेत आणि मायलोपेरॉक्सिडेज तिन्ही घटले. डॅप्सोन ज्याला आवर घालते, तेच हे विकर.

२५/
या निष्कर्षाचे मोल जितके आहे तितकेच धरावे. नळीतील रक्त आणि उंदराचे फुप्फुस म्हणजे मुरुम नव्हे. मुरुमांची चाचणी अवघड असते, कारण ते औषधाविनाही चढतात-उतरतात. औषध नसलेली नुसती जेल लावलेल्या गटातही पुष्कळांना बरे वाटते. म्हणून पुळ्या एकेक मोजाव्या लागतात, आणि कोणाला काय दिले हे मोजणाऱ्यालाही कळू न देता. ही पायरी ओलांडल्याशिवाय कोणताही दाहशामक रेणू मुरुमाचे औषध म्हणवून घेऊ शकत नाही.

२६/
आणि एक गंभीर बाब. मुरुमाचे मलम आणि रुग्णालयातील इंजेक्शन ही एकाच रक्ताची भावंडे आहेत. मुरुमांसाठी वर्षानुवर्षे वापरलेल्या एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिनला जिवाणू कसे निर्ढावले, हे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून जगाने पाहिले आहे. गालावर बेफिकिरीने चोपडलेले मलम त्वचेवरच्या स्टॅफिलोकॉकसलाही धडे देत असते. तो धडा शिकलेला जंतू उद्या एखाद्या मधुमेही आजोबांच्या पायाच्या जखमेत शिरला, तर पंधरा वर्षे खपून तयार केलेले इंजेक्शन बोथट ठरण्याची भीती आहे.

२७/
म्हणूनच जंतूला न डिवचता केवळ दाह शमवणाऱ्या संयुगांचा शोध महत्त्वाचा. ती सापडली तर मुरुमांसाठी प्रतिजैविक वापरण्याची गरज घटेल आणि खरी प्रतिजैविके जीव वाचवण्यासाठी राखून ठेवता येतील. सुश्रुताने सावरीच्या काट्यांत, सेल्ससने लाली-सुजेत आणि उन्नाने सूक्ष्मदर्शकाखाली जे पाहिले, ते एकाच व्याधीचे तीन तुकडे होते. चौथा तुकडा चिकलठाण्यातील एका काचेच्या नळीत दिसला. तो खऱ्या चेहऱ्यावर जुळतो का, याचा निवाडा माणसांच्या संमतीने होणारी चाचणीच करील.

समाप्त.